कमरेखालची जागा

माहं तोंड वाईट हाये, हे अख्ख्या दर्यापूरले माहीत हाये. कबड्डीच्या पोरींवर ओरडल्याशिवाय माहं जेवण जिरत नाही. आमच्या टिनाच्या शेडात नवीन पोट्टी आली का पहिलेच विचारते, मॅडम, पोटावर सिक्स-पॅकची बिस्किटं कधी येतीन? मी सांगते, बिस्किटं दुकानात भेटतात बाई. इथं पोटाच्या अंदरचा पट्टा घट करा लागते, जो कोणाले दिसत नाही. पकड बसली, चौघी जणी पायाले लोंबकळल्या अन् आंगाले पीळ पडला, का तोच पट्टा मणका सांभाळते. तो ढिला असला तं मांड्या कितीही भरू द्या, कंबर गेलीच समजा.

त्यासाठी आमची एक रीत हाये. चटईवर उताणं पडाचं, गुडघे वर घ्याचे, अन् मोठ्या पोरीनं लहानीच्या कमरेखाली हात सरकवाचा. तिथं सगळ्यांचीच खाच असते. श्वास न कोंडता बेंबी आत घ्याची, त्या हातावर हलका दाब ठेवाचा, अन् मंग एकेक पाय सावकाश लांब करून खाली न्याचा. दाब सुटला, हात मोकळा झाला, का पुन्हा पहिल्यापासून.

गीतांजलीच्या कमरेखाली तिच्या मोठ्या बहिणीचा हात असे. भावनाचा. दोघी सुभद्राबाईच्या पोरी. सुभद्राबाई बाजारात भाजी विकते, अन् पोरी सकाळी मळ्यात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून देऊन मंग शेडात येत. भावना म्हणजे माही सगळ्यात भारी पकडवाली. एका पकडीत तिची करंगळी मोडली, ते वाकडीच जुळली. तरी त्याच हातानं धरलेला पाय सुटत नसे.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता डेंग्यूनं ते गेली. अकोल्याच्या दवाखान्यातून तिले घरी आणलं तवा मी ओट्यावरच बसली होती.

तेरवी झाली अन् गीतांजली शेडात आली. खेळ तसाच होता, पाय तसेच चपळ. पण कमरेखाली कोणाचाच हात ठेवू देईना. मी एकटीच करते म्हणे, मले लागत नाही. मीही जास्त ताणलं नाही. दुःखातल्या लेकराले काय म्हणणार?

मंग तिची कंबर दुखाले लागली. बोनसच्या रेघेपल्याड पाय ताणला का चेहरा पांढरा पडे. मी तिले अमरावतीले डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं साफ सांगतलं, मणक्याची गादी सरकाच्या बेतात हाये. अंदरचा पट्टा घट झाला तं पोरगी खेळन. नाही तं असाच एखांदा जोराचा पीळ बसला का खेळ कायमचा बंद, अन् पाय चालले तं नशीब. संक्रांतीनंतर अकोल्यात निवड चाचणी होती. गीतांजली म्हणे, काही झालं तरी मी खेळणारच. ताईचं अन् माहं तेच ठरलं होतं.

मी डोळ्यात तेल घालून तिच्यावर नजर ठेवली. तिच्यापेक्षा कच्च्या पोरी सुधरल्या, हे तिथंच. अन् एक दिवस माह्या ध्यानात आलं. थकून सुटणारी कंबर मी रोज पाहते. हे कंबर सुटत नव्हती, हे मुद्दाम उचललेली होती. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी तिनं कमरेखाली जागा धरून ठेवली होती.

दुपारची वेळ होती. लाइट गेलेली, शेडात आमी दोघीच. माहं डोकं सणकलं. मराचं हाये काय तुले, म्हणून मी ओरडली. ते टिनाकडे पाहत पडल्या पडल्या बोलली, "ताई येते मॅडम. कंबर उचलली का हात ठेवते."

मी म्हटलं, खुळी झाली काय तू, अन् रागारागात तिच्या कमरेखाली हात घातला.

तिथं हात होता.

थंड अन् ओला, आत्ताच सांभाराच्या जुड्या बांधून आल्यासारखा. माही बोटं त्याच्या बोटांवर पडली. करंगळी वाकडी होती. मी हात ओढून घेतला अन् मांडीवर पुसत राहिली. भरदुपारी माह्या आंगावर काटा उभा राहिला होता. भुताखेताचं मले भेव नाही, असं मी जन्मभर सांगत आली. त्या दिवशी लय भेव वाटलं. अन् खरं सांगू, भावना भेटल्याचा आनंदही तेवढाच झाला.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी सुभद्राबाईच्या पालापाशी बसली. डॉक्टरचं सांगतलं, हाताचंही सांगतलं. वाटलं, हे बाई मले वेडी म्हणन, नाही तं शिव्या घालन. तिनं गिऱ्हाइकाले वांगे मोजून दिले, तराजू खाली ठेवला, अन् हळूच विचारलं, "मले एक डाव तिथं हात लावू द्यान काय, मॅडम?"

ज्याचं जळते त्याले कळते. मी नाही कशी म्हणू?

बाजार उठल्यावर ते शेडात आली. गीतांजली चटईवर पडली, मायनं बाजूले बसून कमरेखाली हात घातला. मी समोर उभी होती. सुभद्राबाईचा चेहरा असा काही झाला का मी नजर दुसरीकडे वळवली. ते रडून राहिली होती, अन् हसूनही. आता हे बाई राहू द्या म्हणाली, तं माह्याच्यानं काही बोलणं होणार नाही, हे मले समजून चुकलं. मंग डॉक्टर काहीही म्हणो, पोरगी तशीच पडून राहीन अन् कमरेतून जाईन.

"दाबलं तं ताई जाईन, माय," गीतांजली म्हणाली.

सुभद्राबाईनं पदरानं नाक पुसलं. आत घातलेला हात तिनं काढला नाही.

"जाऊ दे तिले," ते बोलली. "एक पोरगी म्या लाकडावर ठेवली. दुसरी खाटेवर नाही ठेवाची. दाब."

गीतांजलीनं डोळे मिटले. बेंबी आत गेली, श्वास चालू राहिला, अन् खाच हळूहळू मायच्या हातावर मिटत गेली. पोरीनं एक पाय सोडला, मंग दुसरा. कंबर हलली नाही. सुभद्राबाईनं हात बाहेर काढला तवा ते आपल्या तळव्याकडे पाहत बसली. मंग टोपलं उचलून घरी गेली.

त्याच्यानंतर कंबर सुधरली. अकोल्यात चाचणीच्या शेवटच्या चढाईत तिघींनी गीतांजलीले घोट्यापाशी धरलं अन् आंगाले असा पीळ घातला का मी बसल्या जागची उठली. पण मधला भाग लोखंडासारखा उभा राहिला, अन् तिनं त्या तिघींना घेऊन रेघ गाठली. तिची निवड झाली. परतताना जीपमध्ये ते खिडकीकडे तोंड करून रडली. "आता जागाच नाही राहिली, मॅडम," एवढंच म्हणे. मीही रडली, अन् ड्रायव्हरनं आरशातून पाह्यलं म्हणून त्याच्यावर खेकसली.

पुढच्या आठवड्यात दुपारी सुभद्राबाई शेडाच्या दारात उभी. टोपलं खाली ठेवलं. लाजल्यासारखी म्हणाली, माहीबी कंबर दुखते, मलेबी शिकवा.

मले बरं वाटलं. जन्मभर डोक्यावर ओझं वाहिलेली बाई, दुखणारच. मी चटई टाकली, ते उताणी पडली, लुगडं सावरून गुडघे वर घेतले. खाच चांगली हात मावन एवढी होती. मी सवयीनं सांगतलं, बेंबी आत घ्या, श्वास कोंडू नका, अन् आता दाबा.

तिनं दाबलं नाही. टिनाकडे पाहत पाहत तिनं कंबर आणखी जराशी वर उचलली, अन् तशीच धरून ठेवली.

माह्या तोंडावर शिवी आली होती. ते मी गिळली. बाहेर येऊन शेडाचं दार लोटून घेतलं, अन् पोरी आल्या तं त्याइले सांगतलं का आज प्रॅक्टिस जराक उशिरा चालू होईन.