तणाचे बी हट्टाला पेटले तेव्हा

मित्रांनो, दिसायला मी कपाट, पण माझ्या पोटात ऊब, गारवा, उजेड, अंधार सगळे हवे तसे करता येते. म्हणून माझे नाव उगवणपेटी! कोणते बी कोणत्या हवेत उगवते, हे माझ्यात पाहतात. तरुणपणी माझे काय कौतुक व्हायचे! पुढे नव्या पेट्या आल्या आणि मी प्रयोगशाळेच्या जिन्याखाली गेले.

तिथून मला बाहेर काढले ते आमच्या संशोधक बाईंनी. त्यांची मावशी गाजरे लावायची, पण दर वेळी तण आधी उगवून गाजराचा जीव घ्यायचे. मावशी शेत सोडायला निघाली होती. बाईंनी त्याच तणाचे बी आणून बशांमध्ये ओल्या कागदावर ठेवले. मातीत अंधार असतो, म्हणून दिवा बंद ठेवला आणि ऊब एकसारखी. बी ढिम्म हलेना!

मावशी बघायला आली आणि हसत सुटली. "अगं, तुझ्या पेटीत एक कोंब नाही, आणि माझ्या वाफ्यात पाय ठेवायला जागा नाही!"

त्यातच माझ्या दाराचे रबर फाटले, तापमानाचा खटका अडकला. दुपारी मी तापायचे, पहाटे गार पडायचे. "काढा हिला भंगारात," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

मला रिकामी करायला बाईंनी दार उघडले आणि किंचाळल्याच, "अहो, उगवलंय!" दाराजवळच्या बशांत हिरवे कोंब डोलत होते! मागच्या अंधारातल्या बशा मात्र तशाच.

"फटीतून उजेड गेला," बाई पुटपुटल्या, "आणि दिवसा ऊब, रात्री गारवा. अगदी जमिनीच्या वरच्या थरासारखं!"

भंगारवाला हात हलवत परत गेला. मिस्त्रींनी माझी दुरुस्ती केली. बाईंनी मुद्दाम तसाच उजेड, तशीच ऊब आणि गारवा देऊन पाहिले. पुन्हा कोंब! मग कुंड्या भरल्या. वरवर टाकलेले बी दाटीने उगवले. बोटभर खोल पुरलेले एकही वर आले नाही.

"मावशी, आधी वाफा नुसता भिजव. तण उगवू दे, मग वरवरच खुरपून टाक. खोल खणलंस तर खालचं बी उजेडात येईल. गाजर त्यानंतर पेर."

"तणाला पाणी घालू? पेटीबरोबर तुझंही डोकं फिरलं का गं?"

कुरकुरत का होईना, तिने केले. आणि काय सांगू! पुढच्या वेळी ती चिखलाच्या पायांनी धावतच आली. तण सगळे संपले नव्हते म्हणे, पण गाजराच्या ओळी लांबून दिसत होत्या. "शेत ठेवतेय मी!" म्हणत तिने माझ्या दारावर अशी थाप मारली, की माझा पंखा लटपटला.

मित्रांनो, जुन्या यंत्राला टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा. त्याचे रबर बदला, धूळ पुसा. आत्ताही माझ्यात नदीकाठचे एक अनोळखी बी आहे, आणि... थांबा, थांबा! कोपऱ्यातल्या बशीत पांढरे टोक दिसतेय! अरे, कुणीतरी बाईंना हाक मारा!