बिल नसलेली होडी

"लेबल सरळ लाव, मावशी. वाकडं गेलं तर माल पुन्हा परत येईल," सुपरवायझर म्हणाला.

मावशीसमोर दुकानांतून परत मागवलेल्या होड्यांचा ढीग होता. टबात बाळाला बसवायची प्लास्टिकची होडी. खालच्या रबरी चकत्या टबाला चिकटतात. कधी सुटतातही. 'बाळाला पाण्यात एकटं सोडू नका' ही ओळ लावायची राहिली होती. राहिली कसली, लेबलं संपली होती आणि साहेबांना माल काढायची घाई होती. कुठेतरी कुणाचं मूल गेलं, तेव्हा ती ओळ आठवली.

मावशीचा हात थांबला. कारखान्याच्या वर्धापनदिनाला बिनलेबलाच्याच होड्या कामगारांना फुकट वाटल्या होत्या. साहेबांनी हसून फोटो काढून घेतले होते. तिच्या नातवाकडे एक होती. वस्तीत घरोघर होत्या.

त्या परत घेणार का, असं तिने विचारलं. बिल आहे का, सुपरवायझरने उलट विचारलं. बिल नाही तर परत नाही. आणि वस्तीत बोंब मारलीस तर उद्या गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही.

शेजारी बसणारी बडबडी हसली. "तुझ्या नातवाला लेबल वाचता येतं का गं? आमची नात रोज बसते होडीत. सून निवांत कामं उरकते."

फोन गेटवर जमा, सुटी होईपर्यंत मिळायचा नाही. तिने लेबलांची गुंडाळी पिशवीत कोंबली आणि तडक बाहेर पडली. मागून हाका आल्या. येऊ देत.

घरी सून अंगणात कपडे वाळत घालत होती.

"आई, आज लवकर?"

"बाळ कुठंय?"

"होडीत. बसलाय गुपचूप."

चपला दारात भिरकावून मावशी आत धावली. दोन चकत्या सुटल्या होत्या. होडी कलली होती, पाणी हनुवटीला लागलं होतं. पोर तिच्याकडे बघून हसलं. तिने त्याला उचलून छातीशी आवळलं. सुनेला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षानुवर्षं चिकटवलेली ती ओळ तिने या घरात एकदाही उच्चारली नव्हती.

पोर सुनेकडे देऊन ती अनवाणीच निघाली. दारोदार एकच सांगणं, होडी काढा, आत्ता. कुणी वैतागलं. फुकट मिळालेली वस्तू का टाकायची म्हणून एकीने वाद घातला. मावशी लेबल दारावर चिकटवायची आणि पुढे जायची.

शेवटी, वस्तीच्या पार टोकाला, बडबडीचं घर. दार नुसतं लोटलेलं. मागच्या दारी तिची सून शेजारणीशी बोलत होती, खळखळून हसत होती. मावशीने बडबडीच्या नातीला हाक मारली. न्हाणीघरातून काही आवाज आला नाही.

उंबऱ्यावरून पाण्याचा ओघळ बाहेर आला होता. मावशीचा पाय त्यात पडला.

पाणी गार झालेलं होतं.