तापाला घर दाखवू नये म्हणून

मी औषधाची बाटली बोलतेय. हिरवट काचेची, गळ्याशी बारीक टवका उडालेली. माझ्या पोटावर कागदाची पिवळी पट्टी दिसते ना? तिच्या कडेला कात्रीनं पाडलेल्या खाचा आहेत. एक खाच म्हणजे एक डोस.

माझा जन्म कुठं झाला ते नीट आठवत नाही. नुसता लाल उजेड आठवतो, आणि कुणाचा तरी लांब श्वास. समज आली ती नळदुर्गच्या दवाखान्यातल्या फळीवर. राज्य निजामाचं होतं. माझ्यात हिवतापावरचं कोयनेल असायचं. मग दूर कुठंतरी मोठी लढाई पेटली, कोयनेल येईनासं झालं आणि मी रिकामी राहिले. तोंडाशी वारा आला की आपल्याशीच गुणगुणायचे.

ताप मात्र थांबला नाही. एक दिवसाआड, ठरल्या पाळीला, माणसं गोधडीखाली कुडकुडायची. दवाखान्यातले कंपाउंडर शांतलिंगआप्पा शेवटी कुंपणाकडे वळले. तिथल्या काटेरी वेलीचे सागरगोटे फोडून त्यांनी आतला कडू गर कुटला, उकळला आणि गाळून सहा बाटल्यांत भरला. सहा आजारी, सहा बाटल्या. पाळीच्या दिवशी ताप आला की नाही, एवढंच ते वहीत लिहिणार होते.

मी गेले म्हाताऱ्या नागम्माकडं.

पाळीच्या दिवशी ताप घरी येतो आणि माणूस सापडलं नाही किंवा ओळखू आलं नाही की परत फिरतो, अशी तिथली समजूत. म्हणून नागम्मानं सुनेचं लुगडं नेसलं, मला पदरात गुंडाळलं आणि किल्ल्यातल्या पाणीमहालाजवळ जाऊन बसली.

"आता हुडक म्हणावं मेल्याला!"

तिनं एक खाच काढा घेतला, तोंड वाकडं केलं आणि पदरातले पाच सागरगोटे काढून लहान पोरीसारखी खेळायला लागली. पाण्यावरचं ऊन माझ्यातून तिच्या हातावर हिरवं पडत होतं. गोटे उडत होते, झेलले जात होते. मला वाटलं, ही दुपार अशीच राहावी.

मग एक गोटा हातात आलाच नाही. दुसराही दगडावर पडला. तिचे दात वाजायला लागले. तापानं तिला शोधून काढलं होतं.

संध्याकाळी ती कशीबशी घरी आली, तर आप्पा उंबऱ्याशी वही घेऊन बसलेले.

"काय नागम्मा, आला का पाव्हणा?"

"चुकवला की, आप्पा!"

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहिलं, न्हाय आला.

"मंग सुनंलाबी ह्योच काढा देतो. कोयनेलच्या शेवटच्या गोळ्या ऱ्हायल्यात, त्या राखून ठिवू."

आत तिची सून शिवकांता तापानं फणफणली होती. नुकती बाळंतीण. दूध आटत चाललं होतं, तान्हं रडून रडून थकलं होतं. नागम्मानं माझ्याकडं पाहिलं. मला बोलता येत असतं, तर मी बोलले असते.

"आप्पा, खोडा ते," ती म्हणाली. "आला हुता. लुगडं बदललं तरी वळखलं मेल्यानं."

"मंग खोटं का बोललाव?"

"आला म्हटलं की त्याला घर गावतं. गावू द्या. पर तिला गोळ्या द्या."

आप्पांनी लिहिलेलं खोडलं आणि दवाखान्याकडं जवळजवळ पळतच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्या पाच घरी पुन्हा विचारलं. आणखी दोघांनी ताप असाच 'चुकवला' होता. एक तर बैलाच्या गोठ्यात वैरणीखाली लपला होता. आप्पा पोट धरून हसले, मग त्यांनी वहीतल्या त्या दोन ओळीही खोडल्या. पुढच्या पाळीला ते प्रत्येकाजवळ स्वतः बसले, कपाळावर हात ठेवून. वहीत कुठं आला, कुठं कमी आला, एका ठिकाणी नाही आला. काढ्यानं ताप जातो की नाही, ते त्या वहीत शेवटपर्यंत ठरलं नाही. पण जे लिहिलं ते खरं होतं.

शिवकांता उठली. तान्हं पुन्हा दूध पिऊ लागलं.

आता मी तिच्या घरच्या भिंतीतल्या देवळीत आहे. कधी एरंडेल असतं माझ्यात, कधी नुसता वारा. मला हवं तेव्हा धुवा, हवं ते भरा. तेवढी खाचांची पट्टी मात्र खरवडू नका. आणि दाराशी बसून कुणी मायेनं विचारलं, "आला का ताप?", तर आला असेल तर आला म्हणा. काढ्यापेक्षा तो शब्द कडू असतो. म्हातारीनं तो कसा गिळला, ते मी पाहिलंय.