चौथी खेप

कुजबुजायचे म्हणून रामकिसनने जो आवाज काढला, तो एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सहज पोचला असता.

"सर, जरा बाहीर येता का? दोन मिंटं बोलायचंय."

अभ्यासिकेतल्या चाळीस माना एकदम वर आल्या आणि तितक्याच शिस्तीने खाली गेल्या. एकच मान वर राहिली, ती तेवीस नंबरच्या खुर्चीवरची. कारण दारात चपला हातात घेऊन उभा राहिलेला तो माणूस तिथे बसलेल्या मुलीचा बाप होता.

परमेश्वर त्या वेळी नऊ नंबरच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून, गरम पाण्याचे फडके फिरवत, ब्लेडने प्लायवूडवरचा कागद खरवडत होता. त्याने ओठांवर बोट ठेवले आणि भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे हनुवटीने खूण केली. ती पाटी त्यानेच रंगवली होती. अकरा वर्षांपूर्वी या अभ्यासिकेची किल्ली हाती आली, त्या पहिल्याच आठवड्यात.

प्रत्येक खुर्चीपुढे तीन बाजूंनी प्लायवूडचा आडोसा होता आणि त्यावर वेळापत्रक चिकटवण्याची मुभा होती. वेळापत्रकाच्या वर मुले आपले नाव लिहीत, आणि नावाआधी 'डॉ.' लिहीत. हा रिवाज कोणी घालून दिला ते परमेश्वरला माहीत नव्हते. नवे मूल जुन्या मुलाचे पाहून लिही, एवढे खरे. ज्याचा मेडिकलला नंबर लागे, तो त्या कागदाशेजारी उभा राहून फोटो काढून घेई. ज्याचा लागत नसे, तो एके दिवशी यायचा बंद होई. खरवडताना दोघांच्याही कागदांचा डिंक सारखाच चिवट असतो, असा परमेश्वरचा अनुभव होता. आज जुलैची एकतीस तारीख. ज्यांना पुढच्या वर्षासाठी खुर्ची राखायची होती, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत तसे सांगायचे होते.

तो रामकिसनला घेऊन जिन्याच्या वळणावर आला. खाली केजचे बस स्थानक, त्याच्या समोर म्हाळूचे हॉटेल, आणि हॉटेलच्या माथ्यावर ही अभ्यासिका.

"ओ डागदर, किती च्या?" म्हाळूने खालूनच विचारले.

"दोन. आलो, आलो," परमेश्वर म्हणाला.

त्याला सगळे डागदरच म्हणत. वडवणीकडच्या त्याच्या गावात म्हणत, आणि तिथून ते नाव त्याच्या आधी केजला पोचले होते. बारावीनंतर तीनदा त्याने त्या वेळची प्रवेशपरीक्षा दिली होती आणि तिन्ही वेळा तो थोड्या गुणांनी मागे राहिला होता, म्हणून ही थट्टा. दुसरा कोणी असता तर चिडला असता. परमेश्वर दर वेळी 'आलो' म्हणून ओ देई, आणि यात त्याचा मनमोकळेपणा आहे असे लोकांना वाटे. कारण वेगळे होते. चौथ्या खेपेला बापाने बसू दिले असते तर हेच नाव आपल्याला रीतसर मिळाले असते, अशी त्याची ठाम समजूत होती. त्या हाकेत त्याला आपल्या हक्काचे काहीतरी ऐकू येई.

"वैषूचं काय करायचं, ते इचारायला आलतो," रामकिसन पायरीवर टेकत म्हणाला.

"मला?"

"मग कुणाला? तिची आई म्हणती, पोरीला इचारा. पोरगी म्हणती, आबा, तुमी म्हणाल तसं. मी म्हणतो, माय, तू म्हणशील तसं. पंधरा दिस झाले, तिघं बी एकमेकाला बस म्हणतोय आन बसत कुणीच न्हाई."

"क्लासात इचारा की."

"इचारलं. ते म्हणले, थोडक्यात हुकलं, अजून एक डाव बसवा. मागच्या साली बी थोडक्यातच हुकलंतं." त्याने मान वर केली. "सर, थोडकं म्हंजे किती असतंय ओ? उसाचा फड असता तर पावलं टाकून मोजलं असतं."

परमेश्वर हसला नाही. वैष्णवीच्या गुणांचे आकडे त्याला पाठ होते: पहिल्या वर्षी चारशे दोन, दुसऱ्या वर्षी चारशे एकसष्ट, यंदा चारशे एकोणसाठ.

"सा महिने आमी नवराबायको कारखान्यावर," रामकिसन सांगत होता. "पोरगी हितं मावशीपशी. ती काय करती, कशी वाचती, आमी कवा बघितलंय? तुमी रोज बघता. आन तुमचं यात काय जातंय बी न्हाई, येतंय बी न्हाई. ती उठली तर उद्या दुसरं कुणी बसंल. म्हणून तुमाला इचारतो. होईल का ती?"

बापांनी असे प्रश्न याआधीही विचारले होते. आपण पंखे लावणारा, पिण्याच्या पाण्याचे जार भरणारा माणूस आहोत, असे सांगून परमेश्वरने ते प्रत्येक वेळी टाळले होते. या खेपेला तसे करणे कठीण होते, कारण या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ होते.

जिथे बोलायला मनाई असते, तिथे पान उलटल्याचा आवाज मोठा होतो. चाळीस खुर्च्यांतून कोणाचे पान कधी उलटले, हे परमेश्वरला पाठमोरे बसूनही कळे. कोणी बोटाला थुंकी लावून उलटी, कोणी कोपरा चिमटीत धरून. तेवीस नंबरची वैष्णवी पान उलटल्यावर त्यावरून एकदा तळहात फिरवी. गेल्या दिवाळीपासून तो तळहाताचा आवाज बंद झाला होता. तो पाण्याचा जार घेऊन मुद्दाम तिच्या बाजूने जाऊन आला. पुस्तक उघडे, डोळे उघडे, पेनाला टोपण लावलेले. सकाळी सहाला जे पान होते, तेच बाराला होते. सगळ्यांच्या आधी ती येई, सगळ्यांच्या मागून जाई. मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत असेच चालले आणि निकालानंतरही तसेच चालू होते. परमेश्वरने हे कोणाला सांगितले नव्हते. तिलाही नाही.

"तिला बोलावतो," तो म्हणाला.

वैष्णवी बाहेर आली ती पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून. वीस वर्षांची मुलगी, पण जिन्यात उभी राहिली ती वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. "आबा, कवा आलात? जेवलात का?"

"जेवतो नंतर."

म्हाळूने मुलगी पाहिली असावी. न सांगता तो तीन कप घेऊन वर आला, ते पायरीवर ठेवले आणि तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहून खाली गेला.

"वैष्णवी," परमेश्वरने घसा साफ केला. "तुझं पान उलटत न्हाई."

"म्हंजे?" रामकिसनने विचारले.

"म्हंजे ती दिवसभर एकाच पानावर असती. दिवाळीपासून."

"खरं का माय?"

तिने बापाकडे पाहिले नाही. "तुमाला ठावं होतं, सर?"

"होय."

"मग बोललात कावून न्हाई?"

उघड्या दारातून भिंतीवरची पाटी दिसत होती. परमेश्वरची नजर तिच्यावर गेली आणि तिथून खाली आली.

"पुढचं पान येतंय मला," वैष्णवी म्हणाली. आवाजात रडे नव्हते. हजेरी सांगावी तसे ती सांगत होती. "त्याच्या पुढचं बी येतंय. समदं पाठ हाय, म्हणून उलटावंच वाटत न्हाई. पेपरात शेवटाला दोन उत्तरं उरत्यात. दोन्ही वळखीची. मग हात कुठल्या गोलावर जाईल, ते मला बी ठावं नसतं." ती जराशी थांबली. "म्हणून तुमीच सांगा, सर. बसू का अजून एकदा? तुमी म्हणाल ते ऐकते."

"तीच म्हणती ना," रामकिसन घाईने म्हणाला. "सांगा. आमी दोघं बी ऐकतो."

अशा रीतीने पंधरा दिवस तीन माणसांत फिरत राहिलेला निर्णय चौथ्यापाशी येऊन थांबला, आणि चौथ्याला तो पुढे देण्यासाठी कोणी उरले नाही.

परमेश्वर पायरीवर बसला. "मी बी बसलोतो. तीनदा."

"ठावं हाय. म्हाळूकाका सांगतात."

"चौथ्या खेपेला बापानं बसू दिलं न्हाई. समदी पुस्तकं उचलून रद्दीवाल्याला दिली. चोवीस वर्षं झाली. पुढं त्यो अंथरुणाला खिळला, तरी मी त्याच्याशी सरळ बोललो न्हाई."

रामकिसनचा हात कपाकडे निघाला होता, तो मध्येच राहिला. त्याने आधी लेकीकडे पाहिले, मग परमेश्वरकडे. "इतका राग? कावून?"

"मला वाटायचं, चौथ्याला मी लागलो असतो."

"लागला असता का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न परमेश्वरला कोणी विचारला नव्हता. थट्टा करणाऱ्यांना त्याची गरज पडली नव्हती आणि मृत बापाला संधी मिळाली नव्हती. विचारणाऱ्याच्या स्वरात खोच नव्हती. त्याला फक्त समजून घ्यायचे होते. खाली अंबाजोगाईची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा आरोळी दिली, आणि वैष्णवी बाटलीचे झाकण उघडत नि लावत राहिली. 'होय' म्हटले तर ती उद्या पहाटे त्या पानापुढे पुन्हा येऊन बसणार होती. 'ठाऊक नाही' म्हणणे खरे झाले असते. पण तेवढे म्हटले तर निर्णय या जिन्यातच अडकून राहिला असता.

"न्हाई," परमेश्वर म्हणाला. "नसतो लागलो. चौथ्याला बी न्हाई, पाचव्याला बी न्हाई."

ते खरे होते की नाही, हे बोलतानाही त्याला ठाऊक नव्हते. एवढेच कळले, की तोंडातून गेल्यावर ते परत घेता येण्यासारखे नव्हते.

वैष्णवीने झाकण घट्ट बसवले. "ब्लेड कुठंय, सर?"

"ऱ्हाऊ दे. मी करतो."

"मी चिकटवलाय," ती म्हणाली आणि आत गेली.

तिने कागदावर गरम पाण्याचे फडके धरले, तो भिजेपर्यंत थांबली, आणि मग कडेने ब्लेड घातले. वेळापत्रक अखंड सुटून आले. वरचा नावाचा तुकडा मात्र चिकटून राहिला. ती शांतपणे एकेक अक्षर काढत होती. आजूबाजूच्या माना खालीच होत्या, आणि तरीही तेवढा वेळ अभ्यासिकेत कोणाचे पान उलटले नाही.

रामकिसन सोबत आणलेल्या पोत्यात पुस्तके भरू लागला. "हितंच ठेवू का? गरिबाच्या पोराला होतील."

"नगं, आबा. माझ्या खुणा हायेत त्यात."

"मग बरंच हाय की. खुणा असल्या तर वाचायला सोपं."

"खुणा केलेलं समदं मला येतंय," ती म्हणाली, आणि यावर बापाने पोत्याचे तोंड बांधले.

जाताना रामकिसनने परमेश्वरचा हात दोन्ही हातांत धरला. "येतो मग, सर," तो म्हणाला. वैष्णवीने वाकून नमस्कार केला. बापाच्या डोक्यावर पोते आणि मागे रिकाम्या हातांची मुलगी, असे ते दोघे गावाकडे, पाचेगावच्या फाट्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. जीप भरेपर्यंत तिथेच उभी होती, आणि भरायला बराच वेळ लागला.

परमेश्वर आत आला. तेवीस नंबरच्या आडोशावर कागदाएवढा एक चौकोन बाकीच्या प्लायवूडपेक्षा उजळ दिसत होता. त्याने त्यावरून कोरडे फडके फिरवले. मग नऊ नंबरपुढे गुडघे टेकून अर्धवट राहिलेले काम पुरे केले.

"ओ डागदर!" खालून म्हाळूची हाक आली. "कप द्या की आमचे!"

परमेश्वर जिन्यात आला. दोन कप अर्धे झाले होते. तिसऱ्यातला चहा तसाच होता आणि त्यावर साय धरली होती.

"डागदर, ओ डागदर! ऐकू येतंय का?"

त्याने तिन्ही कप उचलले. चहा सांडू नये म्हणून तो एकेक पायरी जपून उतरला, पण ओ दिली नाही.