चार पानांची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पिवळा पुठ्ठा, आत चार पानं. अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या एका न्यायालयाच्या तळघरात मी राहते.

एकोणीस वर्षांच्या ओडेसा प्रुइटनं बहिणीच्या तान्ह्या जॅनेलसाठी दुकानातून दुधाचा डबा उचलला आणि पोलिसाला घाबरून खोटं नाव सांगितलं. दुपार एकच, गुन्हे मात्र दोन लिहिले गेले. तोच माझा जन्म. सात दिवसांची कैद भोगून ओडेसा सुटली. मी तळघरात आले ती आलेच.

माझी निगा फार. ना ओल, ना वाळवी. कारकून वांडाबाई दर हिवाळ्यात माझी धूळ पुसत. कुणी ओडेसाला नोकरी देण्याआधी विचारी, कुणी खोली देण्याआधी. माझ्यात लिहिलं होतं तेवढंच मी सांगे, आणि तिकडे दार मिटे. मी जपले गेले, ती झिजत गेली.

जॅनेल सात वर्षांची असताना तिची आई वारली. ओडेसा तिला घरी न्यायला आली, तेव्हा अधिकाऱ्यांनी मला वर मागवलं. गुन्हेगार बाईच्या हाती मूल कसं द्यायचं?

"वांडाबाई, पुसून टाका ना हे!"

"कायद्यानं आयुष्यात एकच गुन्हा पुसता येतो, पोरी. तुझे दोन आहेत."

"एकाच दुपारचे! एका ताटात दोन घास घेतले, तर जेवणं दोन होतात का हो?"

वांडाबाईंनी मला पुन्हा तळघरात नेऊन ठेवलं. जॅनेल परक्या घरी दत्तक गेली.

ओडेसासारख्या कितीजणी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर उन्हापावसात उभ्या राहिल्या. बारा वर्षांनी कायदा बदलला: एका दिवसाचे गुन्हे, ते एकच. मला नष्ट करायचा न्यायाधीशांचा हुकूम आला. आज ओडेसानं मला पहिल्यांदा हातात घेतलं.

"एवढीशीच? मला वाटलं, ट्रकभर असेल."

"चारच पानं," वांडाबाई म्हणाल्या. "आणि जॅनेल?"

"एकोणीसची झाली असेल. दुसऱ्या गावी, दुसऱ्या आडनावानं. आता विचारू तरी कुणाला?"

शेजारी कागद चिरायचं यंत्र घुरघुरतंय. मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणतात. मी उलटं मागते. खाली मांडणीवर माझ्या कितीतरी बहिणी कोरड्या, धडधाकट बसल्या आहेत, आणि बाहेर कुणाचं तरी मूल कुणाची तरी वाट बघत मोठं होतंय. माझ्या बहिणींना वेळेवर मरू द्या.