चार झटके

बंदरात त्याला सगळे दोऱ्याच म्हणायचे. त्याचा थोरला भाऊ पाणबुड्या, आणि हा वर बोटीत त्याचा दोर धरून बसायचा. खालून एक झटका आला की 'बरा आहे', चार आले की 'ओढ वर'. आलेल्या झटक्याला वरून उत्तर द्यायचंच, हा धंद्याचा नियम त्याच्या हाडीमांसी खिळला होता.

गेल्या वर्षी थोरला जुन्या धक्क्यापाशी खाली गेला आणि दोर रिकामाच वर आला. खूप शोधलं, सापडला नाही. वहिनीचं तेव्हापासून एकच, "भावजी, त्यांचं काहीतरी आणा." दोऱ्याला घरी तोंड दाखवायची चोरी झाली होती.

आता कंटेनरची अवाढव्य जहाजं येणार म्हणून त्याच धक्क्यासमोरचा तळ खोल करायला घेतला. यंत्राने सांगितलेली खोली शिशाचं वजन बांधलेल्या दोराने पडताळायची, हे काम दोऱ्याकडे आलं. भर दुपार होती. गाळ उपसणारं जहाज मागे घरघरत उभं होतं. दोऱ्याची मोजणी झाली की ते तिथे सगळं उकरून टाकणार होतं.

वजन तळाला टेकलं आणि दोराला एक झटका बसला.

दोऱ्याच्या हाताने त्याला न विचारताच उत्तर दिलं. मग त्याच्या ध्यानात आलं. हे काय करून बसलो आपण? मासा असेल, अशी तो मनाची समजूत घालतोय तोवर खालून चार झटके आले. सावकाश, थोरला द्यायचा अगदी तसे.

त्याने गाळाच्या जहाजाच्या कप्तानाला ओरडून काम थांबवायला सांगितलं. कप्तान म्हणाला, ऊन लागलंय तुला, पाणी पी. दोऱ्या ऐकतोय कुठला! दोर माणसाएवढा जड. तळहात सोलवटले तरी तो रडत रडत ओढत राहिला. पार वर आल्यावर दोर एकदम हलका झाला. शिशाचं वजन गायब, आणि टोकाला कमरेएवढा फास.

संध्याकाळी तो फास त्याने वहिनीपुढे ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. थोरला डावखुरा, त्याची गाठ उलटी पडायची. फासाची गाठही उलटीच होती, वहिनीने ती बोटांनी चाचपली.

"म्हणजे वर आलेत ते," ती म्हणाली. उठली आणि तिने दाराची कडी काढून ठेवली.

वर्षभर दोऱ्या भावासाठी झुरला होता. आता मात्र ती कडी परत लावावी असं त्याला वाटलं, आणि वाटलं याची भयंकर लाज वाटली.