दोन डाव्या बाह्या

सिनेमा सुरू झाला तोच खुनाने. एकाने आपल्या जिवलग दोस्ताला सळईने ठेचून मारलं आणि मग गोष्ट उलटी चालू लागली: आधी भांडण, त्याआधी संशय, त्याआधी हसणं-खिदळणं. टेलरमास्तर पहिला अर्धा तास डोळ्यांवर हात धरूनच बसले. ही कसली विकतची डोकेदुखी, असं त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं. चला मग, ती म्हणाली. पण मास्तर काही उठेनात.

अगदी शेवटी पडद्यावरचे ते दोघे दोस्त एका सायकलवर डबलसीट चालले होते, पायडल कोणी मारायचं यावर हुज्जत घालत. बाकी काही नाही. मास्तरांना मात्र रडू आवरेना. पुढचं माहीत असताना ते हसणं बघवत नव्हतं आणि ते संपूही नये असं वाटत होतं.

"सिनेमा रद्दी," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "पण तेवढा शेवट पुन्हा बघायचाय."

बायको काय ते समजली. मास्तरांच्या धाकट्या भावाचा विषय अकरा वर्षांत घरात निघाला नव्हता. दोघे एकाच दुकानात शिवत. एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या, तेव्हा मास्तरांनी गिऱ्हाइकादेखत भावाला वाट्टेल ते बोलून वर कात्री फेकून मारली. मनगटाचं रक्त पुसून तो जो गेला, तो गेलाच.

संध्याकाळी दुकानात बसून मास्तर तो दिवस उसवू लागले, शेवटच्या टाक्यापासून मागे. कात्री. त्याआधी शिव्या. त्याआधी गिऱ्हाइकाचं तोंड. त्याआधी सकाळ: भाऊ गुणगुणत इस्त्री करतोय आणि टेबलावर एकेरी कापड पसरून, साचा न उलटता, तीच डावी बाही दोनदा आखणारा एक हात. हात मास्तरांचा होता.

बोलवायला आलेल्या बायकोने भावाचा नंबर न मागताच पुढे केला.

"त्या बाह्या मी बेतल्या होत्या," मास्तर फोनवर म्हणाले.

"माहीत होतं, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाईक समोर होतं ना. आणि मास्तर तू होतास."

मनगट अजून दुखतं का, एवढंच मास्तरांना विचारायचं होतं. ते विचारायला फार वेळ लागला. तोवर भावाने फोन ठेवला नाही.